बगदादची मुले आणि त्यांचा वाद्यवृंद

सातवीच्या वर्गावर आमचा बदली तास होता. उर्दू आणि मराठी हे आमचे विषय, पण त्या दिवशी फळ्याशेजारी जगाचा नकाशा टांगलेला होता, म्हणून दजला आणि फुरात या दोन नद्या मुलांना दाखवत बसलो. दजलेच्या काठावर बोट ठेवून बगदाद म्हटले, तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "टीचर, तिथे नुसते बॉम्बच फुटतात का?"

वर्ग हसला नाही. कारण तो प्रश्न सगळ्यांचाच होता. आमच्या मुलांच्या घरी बगदादचे नाव रोज नाही तरी वर्षातून एकदा निघतेच. ग्यारवीचा महिना आला की गौसपाकांची नियाज होते, बगदाद शरीफचे वर्णन ऐकायला मिळते. शाळेच्या वाचनालयात हारून रशीद बादशहाच्या गोष्टींचे पुस्तक आहे. आणि टीव्ही लावला की धूर. गोष्टीतले बगदाद आणि बातमीतले बगदाद यांच्यामध्ये माणसे राहतात, शाळेत जातात, परीक्षा देतात, हे मुलांना सांगायचे राहूनच जाते. त्या तासाला आम्ही मुलांना एका सतरा वर्षांच्या मुलीची हकिगत सांगितली. घंटा झाली तेव्हा ती अर्धीच झाली होती. तीच हकिगत आज वाचकांसाठी पुरी करीत आहोत.

मुलीचे नाव जुहल सुलतान. उर्दू जाणणाऱ्यांना ठाऊक असेल, जुहल म्हणजे शनी ग्रह. आपल्याकडे शनीचे नाव काढले की लोक दचकतात, तिकडे मुलीला ते नाव हौसेने ठेवतात! जुहल बगदादची. लहानपणापासून पियानो शिकली. बगदादमध्ये संगीत आणि बॅले शिकवणारी एक सरकारी शाळा आहे. सकाळी गणित-विज्ञान आणि त्याच छताखाली वाद्यांचे शिक्षण, अशी तिची पद्धत. जुहल त्या शाळेची विद्यार्थिनी. २००३ साली अमेरिका आणि ब्रिटनच्या फौजा इराकमध्ये शिरल्या. सद्दामची राजवट गेली, पण पाठोपाठ कायदा आणि सुरक्षितताही गेली. डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनियर देश सोडू लागले, तसे संगीत शिकवणारेही गेले. जुहलला शिकवणारे कोणी उरले नाही. मग ती एकटीच सराव करू लागली. वीज चार तास असेल तर चार तास, नसेल तर अंधारात. त्या काळात बगदादच्या रस्त्यावरून व्हायोलिनची पेटी हातात घेऊन जाणे जिवावरचे काम होते. वाद्य कपड्यांत गुंडाळून, पिशवीत लपवून न्यावे लागे. तरीही ही मुलगी अगदी कोवळ्या वयात देशाच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाबरोबर पियानोवर बसली.

इथे थोडे थांबून एक खुलासा करू. आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की गणपतीत किंवा लग्नाच्या हळदीला स्टेजवर होणारा हिंदी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. एक गायक, एक गायिका, की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि निवेदकाचे विनोद. इथे बोलत आहोत तो ऑर्केस्ट्रा वेगळा. त्यात गायक नसतो. पन्नास-साठ, कधी शंभर वादक अर्धवर्तुळात बसतात. पुढे व्हायोलिन, व्हिओला, सेलो ही तारांची वाद्ये, मागे ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, ट्रम्पेट ही फुंकीची, आणि सर्वांत मागे नगारे. प्रत्येकापुढे कागदावर लिहिलेले सूर. कार्यक्रम सुरू होण्याआधी ओबो एक सूर धरते आणि बाकी सगळे आपापली वाद्ये त्या सुराला मिळवून घेतात. मध्ये एक माणूस हातात काडी घेऊन उभा असतो, त्याला कंडक्टर म्हणतात. हे सांगितल्यावर आमच्या वर्गात साहजिकच एसटीचा विषय निघाला. पण तुलना तितकी चुकीची नाही. गाडी तो चालवत नाही, घंटी मात्र त्याच्या हातात असते.

हे वाद्य-प्रकरण साहेबाचे, इराकला त्याचे काय, असे कोणाला वाटेल. वाटायला हरकत नाही, पण इतिहास वेगळे सांगतो. सुरांचे गणित मांडणारे अल-किंदी बगदादचेच. संगीतावर मोठा ग्रंथ लिहिणारे अल-फाराबी याच शहरात शिकले. जिर्याब नावाचा कलावंत बगदादहून निघाला तो थेट अंदलुसला, कुर्तुबाच्या दरबारात पोहोचला. तेराव्या शतकातले सफीउद्दीन अल-उर्मवी शेवटच्या अब्बासी खलिफाच्या पदरी होते. त्यांनी सूर आणि ताल यांची वर्तुळे आखून दाखवली. १२५८ मध्ये हलाकूने बगदाद उद्ध्वस्त केले, कुतुबखाने जाळले, तेव्हा आपल्या औद-वादनाच्या बळावर त्यांनी स्वतःचा आणि आपल्या मोहल्ल्याचा जीव वाचवला असे सांगतात. दंतकथा असेल, पण ते त्या कत्तलीतून वाचले आणि त्यानंतरही पस्तीसएक वर्षे जगले, हे खरे.

त्याहून जवळचे एक उदाहरण आम्हाला फार आवडते. शरीफ मुहियुद्दीन हैदर हे मक्केच्या शरीफांच्या घराण्यातले. १८९२ साली इस्तंबूलमध्ये जन्मलेले हे गृहस्थ औद वाजवत आणि तितक्याच अधिकाराने पाश्चात्य सेलोही वाजवत. १९२० च्या दशकात ते न्यूयॉर्कला राहिले. पुढे १९३० च्या दशकात इराक सरकारने त्यांना बगदादला बोलावले आणि त्यांच्या देखरेखीखाली तिथे संगीताची संस्था उभी राहिली. औद आणि सेलो दोन्ही एकाच इमारतीत शिकवले जाऊ लागले. पुढे साऱ्या अरब जगात गाजलेले मुनीर बशीर हे त्यांचेच शागीर्द. त्याच वातावरणातून १९४० च्या दशकात बगदादचा मोठा वाद्यवृंद निघाला, त्याचाच पुढे राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंद झाला. युद्धे झाली, निर्बंध आले, पगार थकले, पण तो कायमचा बंद पडला नाही. तेव्हा जुहलच्या डोक्यात जे आले ते काही आभाळातून पडलेले नव्हते.

तिच्या डोक्यात आले ते असे: देशात आपल्यासारखी एकेकटी सराव करणारी मुले किती असतील? त्यांना एकत्र का आणू नये? मोठ्यांचा राष्ट्रीय वाद्यवृंद आहे, मग मुलांचा का नसावा? जगात ही कल्पना नवी नव्हती. वेल्समध्ये १९४५ साली, दुसरे महायुद्ध संपता संपता, राष्ट्रीय युवा वाद्यवृंद सुरू झाला. १९४८ मध्ये रूथ रेल्टन नावाच्या बाईंनी साऱ्या ब्रिटनसाठी तसाच वाद्यवृंद उभा केला, तो आजही चालू आहे. व्हेनेझुएलात १९७५ पासून गरीब वस्त्यांतल्या मुलांना वाद्ये देऊन वाद्यवृंदात बसवण्याची मोठी चळवळच झाली. यातले दोन तर युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशातले आहेत, हे लक्षात घ्यावे. जुहलचा देश मात्र युद्धातून बाहेर पडलेला नव्हता. तो अजून आतच होता.

२००८ साली तिने इंटरनेटवरून बाहेरच्या लोकांशी संपर्क सुरू केला. ब्रिटिश कौन्सिलला कळवले. इराकला युवा वाद्यवृंद हवा आहे, त्यासाठी एक कंडक्टर हवा आहे, ही बातमी स्कॉटलंडच्या एका वर्तमानपत्रात छापून आली. त्या वेळी पॉल मॅकअलिंडन नावाचा स्कॉटिश कंडक्टर एडिनबरामध्ये एका ठिकाणी मासे आणि बटाट्याचे काप खात बसला होता. तो राहायला जर्मनीत, कोलोन शहरात. समोर पडलेला पेपर त्याने सहज चाळला आणि बातमी वाचली. अरबी त्याला येत नव्हती, कुर्दी येत नव्हती, इराक त्याने पाहिलेला नव्हता. तरी त्याने ब्रिटिश कौन्सिलला कळवले की हे काम मी करतो. पुढे २०१६ मध्ये त्याने हा सारा अनुभव 'अपबीट' नावाच्या पुस्तकात लिहिला. त्यात स्वतःच्या चुका आणि चिडचिड त्याने लपवलेली नाही, म्हणून ते आम्हाला विश्वासाचे वाटते.

आता मुले निवडायची कशी? बगदाद, बसरा, मोसुल, किरकुक, एर्बिल इथल्या मुलांना परीक्षेसाठी एका ठिकाणी बोलावणे म्हणजे त्यांना मृत्यूच्या रस्त्यावर बोलावणे. तेव्हा मुलांनी घरीच वाद्य वाजवून त्याचे चित्रण करावे आणि ते यूट्यूबवर चढवावे असे ठरले. कोणी स्वयंपाकघरात उभे राहून वाजवले, कोणी बैठकीत. चित्र हलते, आवाज फाटतो, मध्येच जनरेटरची घरघर. परीक्षकांनी दूर युरोपात बसून ते पाहिले आणि निवड केली. कोविडच्या दोन वर्षांत आपण सर्व शिक्षक मोबाईलवरून तोंडी परीक्षा घेऊन दमलो, ते यांनी दहा वर्षे आधीच केले होते. वयाची अट चौदा ते एकोणतीस. एकोणतीस म्हणजे काही मुले नव्हेत, पण ज्यांची शिकायची वर्षे युद्धाने खाल्ली त्यांना वगळायचे कसे?

पैशांचा प्रश्न होताच. ब्रिटिश कौन्सिलने काही भार उचलला. आणि इराकचे त्या वेळचे उपपंतप्रधान बरहम सालेह यांनी पन्नास हजार डॉलर दिले. हे सालेह कुर्द, पुढे ते इराकचे राष्ट्राध्यक्षही झाले. एका शाळकरी वयाच्या मुलीच्या सांगण्यावरून उपपंतप्रधान रक्कम मंजूर करतो! आमच्या शाळेच्या हार्मोनियमचा भाता फाटला आहे, त्याच्या दुरुस्तीचा अर्ज तिसऱ्या वर्षी फिरतो आहे. असो.

२००९ च्या उन्हाळ्यात कुर्दिस्तानातल्या सुलेमानिया शहरात तेहतीस मुलेमुली जमली. बगदादपेक्षा तिथे शांतता होती, म्हणून ते शहर निवडले. उन्हाळा चाळीस अंशांच्या वरचा. कोरड्या हवेने लाकडी वाद्यांना तडे जातात, तारा तुटतात. काहींची वाद्ये मुळातच इतकी हलकी होती की परदेशातून आलेल्या शिक्षकांनी ती हातात घेऊन पाहिली आणि काही न बोलता परत दिली. दोन आठवड्यांचा मुक्काम. एकेकट्याची शिकवणी, मग चार-पाच जणांच्या छोट्या गटाचे वादन, मग सर्वांची एकत्र तालीम, असा दिवसाचा क्रम. आपला मराठी 'तालीम' हा शब्द अरबीतूनच आलेला. त्या सभागृहात तो शब्द बोलला गेला असणार, याचे आम्हा भाषेच्या शिक्षकांना उगीच कौतुक वाटते.

पहिली अडचण सुरांची नव्हती, भाषेची होती. कंडक्टर बोलणार इंग्रजीत. बगदादच्या मुलांना अरबी येते, कुर्दी येत नाही. सुलेमानिया-एर्बिलच्या तरुण कुर्द मुलांना कुर्दी येते, अरबी जवळजवळ येत नाही. कारण १९९१ नंतर कुर्दी भाग वेगळ्या कारभाराखाली गेला आणि तिथल्या शाळांत मुले कुर्दीतच शिकली. एका देशाची दोन मुले शेजारी बसली आहेत आणि त्यांना एकमेकांशी एक वाक्य बोलता येत नाही. म्हणून प्रत्येक सूचना तीनदा होई. इंग्रजीत एकदा, अरबीत एकदा, कुर्दीत एकदा. 'सतराव्या ओळीपासून, जरा हळू' एवढेच सांगायचे तरी दोन दुभाषे उभे.

हे वाचताना आम्हाला आमच्या शाळेतली एक गोष्ट आठवली. एका वर्षी स्नेहसंमेलनाला उर्दू माध्यमाची आणि मराठी माध्यमाची मुले मिळून एक समूहगीत बसवावे अशी आमची इच्छा. एक कडवे उर्दू, एक मराठी. उर्दूच्या मुलांना 'ळ' निघेना, मराठीच्या मुलांना 'ग़' आणि 'ख़' निघेना. दोन दिवस नुसते हसण्यात गेले. तिसऱ्या दिवशी मुलेच एकमेकांना शिकवू लागली. मधल्या सुट्टीत डबा खाताना एक पोरगी दुसरीचा गाल धरून तिच्याकडून 'बाळ' म्हणवून घेत होती. चौथ्या दिवशी एका पालकाने येऊन, आमची मुले त्यांच्याबरोबर कशाला, असे विचारले. कोणत्या बाजूचा पालक होता ते सांगत नाही. दोन्ही बाजूंनी तसे विचारणारे असतात. गाणे झाले, पण अर्धे झाले. एकेक माध्यमाने आपापले कडवे वेगवेगळे म्हटले.

सुलेमानियात असे नुसते 'ळ' आणि 'ख़' चे प्रकरण नव्हते. मध्ये रक्त होते. १६ मार्च १९८८ रोजी सद्दामच्या विमानांनी हलबजा या कुर्दी गावावर विषारी वायू सोडला. काही हजार माणसे एका दिवसात गेली. हलबजा सुलेमानियाच्याच परिसरातले. तिथल्या घराघरांत ती आठवण आहे, आणि अरबी भाषा म्हणजे त्या फौजेची भाषा असे अनेकांच्या मनात बसलेले. उलट २००३ नंतर बगदादच्या मुलांनी शिया-सुन्नी दंगलींत शेजारी गमावले. त्यांना वाटे, कुर्दांना काय, ते आपले शांत भागात बसले आहेत. असे सगळे मनात घेऊन ती मुले एका बाकावर बसली. एका स्वरलिपीच्या कागदावरून दोघांनी वाजवायचे, पान उलटायचे काम बाहेरच्या अंगाला बसलेल्याने नाही, आतल्या अंगाला बसलेल्याने करायचे, हा व्हायोलिनवाल्यांचा नियम. तेव्हा बोलता येवो न येवो, कोण पान उलटणार हे ठरवावेच लागते.

दुसरी अडचण अधिक खोल. ही मुले एकेकटी शिकलेली. कोणी यूट्यूब पाहून, कोणी इंटरनेटवरून कागद उतरवून घेऊन. एकट्याने शिकलेला माणूस जोरात वाजवतो, कारण त्याला दुसऱ्या कोणाचे ऐकायची सवय नसते. वाद्यवृंदात हात कितीही तयार असू द्या, कान तयार नसेल तर उपयोग नाही. माझ्या शेजारच्याचा सूर मला ऐकू येत नसेल तर मी जास्त मोठ्याने वाजवतो आहे, एवढी साधी कसोटी. परदेशी शिक्षकांचा निम्मा वेळ हे ऐकायला शिकवण्यात गेला.

आणखी एक गोष्ट त्यांनी पहिल्यापासून पाळली, ती आम्हाला फार शहाणपणाची वाटते. कार्यक्रमात बीथोव्हेन, हेडन यांच्या रचना असत, पण त्यांच्या जोडीला इराकी संगीतकारांकडून नव्या रचना करून घेतल्या जात. अरब संगीतकाराची असेल तर कुर्द संगीतकाराचीही. म्हणजे कुर्द मुलाला अरबी रचना मन लावून वाजवावी लागे आणि अरब मुलाला कुर्दी. भाषण न करता हे साधले.

मुली होत्या का? होत्या. हा प्रश्न आमच्या वाचक भगिनींच्या मनात आला असेल म्हणून सांगतो. आपली मुलगी दोन आठवड्यांसाठी दुसऱ्या प्रांतात, मुलगे असलेल्या शिबिरात पाठवायची, हे कोणत्या अम्मी-अब्बांना सोपे गेले असेल? आपल्याकडे पावसाळी सहलीच्या संमतीपत्रावर सही मिळवताना काय होते ते आम्ही जाणतो. आणि तिकडे रस्त्यात तपासणी नाके, अपहरणाची भीती. तरी त्या आल्या. एका मुलीनेच हे सुरू केले होते, याचा काही उपयोग झाला असावा.

संगीत जायज की नाजायज हा वाद आपल्या घराघरांत आहे. उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. त्यावर निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही, बीएडच्या पदवीवर फतवे देता येत नाहीत. पण इराकमध्ये त्या काळात जे लोक वाद्यवाल्यांना धमक्या देत होते ते मशिदीत बॉम्बही फोडत होते आणि जुम्म्याच्या नमाजींनाही मारत होते. त्यांचा झगडा सुरांशी होता असे मानणे म्हणजे त्यांना फार मोठेपण देणे.

पुढची वर्षे भराभर सांगतो. २०१० चे शिबिर एर्बिलला झाले. २०११ मध्ये मुलांना जर्मनीचे बोलावणे आले. बॉन हे बीथोव्हेनचे जन्मगाव, तिथे दरवर्षी त्याच्या नावाने मोठा महोत्सव भरतो. १ ऑक्टोबर २०११ रोजी तिथल्या सभागृहात इराकच्या मुलांनी कार्यक्रम केला. बीथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्तो होता, एकल व्हायोलिनवर जर्मनीच्या प्रसिद्ध वादक आराबेला श्टाइनबाखर. ज्या मुलांनी आयुष्यात पूर्ण वाद्यवृंद समोर बसून कधी ऐकला नव्हता, ती बीथोव्हेनच्या गावात जर्मन श्रोत्यांपुढे बीथोव्हेन वाजवत होती. २०१२ मध्ये एडिनबरा आणि लंडन. तिथे ज्युलियन लॉइड वेबर या नामांकित सेलोवादकाने त्यांना साथ दिली आणि सर पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांनी त्यांच्यासाठी रचना लिहिली. २०१३ मध्ये फ्रान्स, एक्स-आँ-प्रोवॉन्स शहरात, फ्रेंच युवा वाद्यवृंदाच्या सोबतीने.

या सगळ्यात एक गोष्ट खुपते आणि ती न बोलता पुढे जाणे बरोबर नाही. ज्या ब्रिटनने २००३ साली फौज पाठवली त्याच ब्रिटनची संस्था सहा वर्षांनी व्हायोलिनचे शिक्षक पाठवते. घर पाडणाऱ्यानेच येऊन कुंडीत रोप लावावे, तसे. इराकमध्ये असे म्हणणारे होतेच आणि त्यांना खोटे ठरवता येत नाही. पण आम्ही त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले. तिला शिकवणारे निघून गेले आहेत, वय वाढते आहे, बोटे ताठरतात. मदत कोणाकडून आली याची चौकशी करत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता. मदत तिने मागितली होती, कोणी लादली नव्हती, हाही फरक आहे.

दुसरी त्रुटी शिक्षक म्हणून आम्हाला अधिक गंभीर वाटते. वर्षातून दोन-तीन आठवडे शिबिर, आणि उरलेले एकोणपन्नास आठवडे? मूल परत आपल्या खोलीत, परत यूट्यूब, परत तडा गेलेले वाद्य. व्हेनेझुएलात वस्तीवस्तीत रोज शिकवणारी केंद्रे होती, म्हणून तिथला वाद्यवृंद पायावर उभा होता. इराकचा वाद्यवृंद कळस होता, पाया नव्हता. आपल्याकडेही पाहा. मुंबईत एनसीपीएने २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला, पण सुरुवातीपासून त्यात मोठ्या संख्येने वादक कझाकस्तान आणि इतर देशांतून आणावे लागले. गोव्यात चर्चच्या शाळांत पिढ्यान्पिढ्या स्वरलिपी शिकवली गेली, म्हणून हिंदी सिनेमाच्या जुन्या गाण्यांत व्हायोलिन वाजवणारे इतके गोमंतकीय निघाले. शाळेत जे रोज होते तेच टिकते. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन आलेले आम्ही शिक्षक हे कबूल करायला तयार आहोत.

२०१४ साली अमेरिकेला, इलिनॉय राज्यातल्या एल्जिन शहरात जायचे ठरले होते. जूनमध्ये दाइश म्हणजे आयसिसने मोसुल घेतले. तिथे वाद्ये फोडली जाऊ लागली, शहरातले ख्रिस्ती आणि सिंजारचे यझिदी पळाले, हजारो मुसलमानही मारले गेले. अमेरिकेचा दौरा झाला नाही. आणि तिथेच हा वाद्यवृंद थांबला. पाच उन्हाळे, बस्स. कोणी युरोपात गेले, कोणी अमेरिकेत, कोणी बगदाद-एर्बिलमध्येच राहून मुलांना शिकवू लागले. जुहल ग्लासगोला कायदा शिकायला गेली. मॅकअलिंडन स्कॉटलंडला परतला आणि ग्लासगोच्या गोव्हन या जुन्या जहाजबांधणीच्या गरीब वस्तीत त्याने स्थानिक वाद्यवृंद सुरू केला.

वाद्यवृंद थांबला, वाजवणे थांबले नाही. एप्रिल २०१५ मध्ये बगदादच्या मन्सूर भागात मोटारबॉम्ब फुटला, तेव्हा राष्ट्रीय सिंफनीचे कंडक्टर करीम वस्फी काळा सूट घालून, जळक्या ढिगाऱ्यात खुर्ची टाकून सेलो वाजवत बसले. एप्रिल २०१७ मध्ये मोसुलच्या दुसऱ्या भागात लढाई चालू असताना अमीन मुकदाद या तरुणाने हजरत युनुस यांच्या उद्ध्वस्त मजारीच्या जागी व्हायोलिन वाजवले. दाइशने त्याची वाद्ये काढून नेली होती.

एवढे आम्ही वर्गात दुसऱ्या बदली तासाला सांगितले. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने पुन्हा हात वर केला. आम्हाला वाटले, जुहलचे पुढे काय झाले ते विचारील. तिने विचारले, "टीचर, ते दोघे एका कागदावरून वाजवायचे, मग पान कोण उलटायचे? कुर्द का अरब?"

कोण आतल्या बाजूला बसला असेल तो, आम्ही सांगितले.

"मग रोज जागा बदलायचे का?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. पण गेल्या आठवड्यापासून समूहगीताची तालीम पुन्हा सुरू केली आहे. या खेपेला दोन मुलांत गाण्याचा एकच कागद दिला आहे. वर उर्दू, खाली मराठी. उर्दू उजवीकडून डावीकडे आणि मराठी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे कागद कोणी कसा धरायचा यावर सध्या भांडण चालू आहे.